पहिला बहार

कलमवाल्याच्या छपरात कामाच्या ओट्यावर एकाच खिळ्याला दोन कागद लटकत. एक रोपांचा. कुठल्या महिन्यात बी टाकायचं, कधी पिशव्या भरायच्या, कधी कलमाचे डोळे भरायचे, ते त्यावर लिहिलेलं. दुसरा बारकीचा. तो शाळेच्या गणिताच्या बाईंनी बारकी नववीत गेली तेव्हा लिहून दिला होता. नुसत्या चार ओळी. नववीत पाया पक्का. दहावीत सराव परीक्षा. अकरावीच्या अखेरीला मोठ्या परीक्षेची पहिली खेप. बारावीच्या अखेरीला दुसरी आणि शेवटची. त्याखाली कलमवाल्याने स्वतःच्या हाताने, सुताराच्या जाड पेन्सिलीने एक ओळ वाढवली होती. बारावीचा शेवटचा महिना बारकीला कामाला हात लावू द्यायचा नाही. त्या ओळीखाली दोन रेघा मारलेल्या.

बारकी ही त्याची एकुलती एक. थोरली कुणी नव्हतीच, तरी नाव बारकी पडलं, कारण जन्मली तेव्हा हाताच्या ओंजळीत मावेल एवढी होती. आता बापाच्या खांद्याला लागत होती, पण नाव काही वाढलं नाही.

मोठी परीक्षा कशाची, तर झाडांचे रोग शिकवणाऱ्या कॉलेजची. सबंध मुलखातून चाळीस पोरं घेतात, राहणं-जेवण तिथेच, फी नाही. बारकी सातवीत असताना लिंबाची दोन हजार रोपं आठवड्यात माना टाकून मेली होती. मोठ्या ऑफिसातून एक साहेब आला, एक रोप उपटून बघितलं, "मूळकूज" म्हणाला, हात धुतले, चहा घेतला आणि गेला. बारकी त्याच्या गाडीमागे फाटकापर्यंत धावत गेली होती. "का झाली पण?" असं विचारत. गाडी काही थांबली नाही. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात ते कॉलेज बसलं, आणि पोरीच्या डोक्यातून बापाच्या.

कागदाप्रमाणे सगळं वेळच्या वेळी झालं. सराव परीक्षेत दोनशेपैकी शहाण्णव पडले, बाई म्हणाल्या, ठीक आहे, सुरुवात आहे. अकरावीच्या अखेरीला पहिली खेप झाली. निकालाच्या दिवशी बापलेक कुंपणाकडेच्या पेरूंच्या ओळीत होती. दोन वर्षांची झाडं, कमरेएवढी, आणि पांढऱ्या फुलांनी नुसती लगडलेली. दोघंही फुलं खुडून टोपलीत टाकत होती. नवं झाड फुलावर आलं की त्याचा पहिला बहार खुडायचा, हा कलमवाल्याच्या बापापासूनचा शिरस्ता. पहिल्या बहाराला फळ धरू दिलं तर झाडाचं सगळं बळ त्यात जातं आणि खोड काडीसारखं राहतं.

बाईंची स्कूटर फाटकातून आत आली ती हॉर्न वाजवतच.

"एकशे अठ्ठावन्न!" बाई लांबूनच ओरडल्या. "अगं बारके, एकशे अठ्ठावन्न!"

बारकीने हातातली फुलं टाकली आणि तिथेच मातीत बसकण मारली. आई घरातून पिठाच्या हातांनी धावत आली. कलमवाल्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो उगाच टोपली हलवत राहिला.

बाईंनी पिशवीतून एक फॉर्म काढला. "आता नीट ऐका. दहा दिवसांत हा भरून पाठवायचा. इथे दोन चौकोन आहेत. गुण ठेवायचे की सोडायचे. ठेवले तर हेच कायम, पुढच्या वर्षी बारावी झाली की याच गुणांवर नाव यादीत लागणार. मग दुसऱ्या खेपेला बसता येत नाही. सोडले तर हे पुसले गेले, दुसऱ्या खेपेचे जे येतील ते खरे."

"कितीला बंद झालं होतं गेल्या वर्षी?" कलमवाल्याने विचारलं.

"एकशे बावन्नला. सहा गुण वर आहे आपली बारकी. ठेवा म्हणते मी."

कलमवाल्याने फॉर्म हातात घेतला, पण बघत होता पेरूकडे. "म्हणजे काठावरच की."

"काठावर कसलं? आत आहे ती!"

"पहिल्याच खेपेला एवढे, तर दुसऱ्या खेपेला किती, बाई? हा पहिला बहार. हा धरायचा नसतो."

"अहो, बारकीचे बाबा, बारकी म्हणजे झाड नव्हे!"

"वाढायचं सगळ्यांचं सारखंच असतं," तो म्हणाला. "तुम्ही गणिताच्या. गणितात मी तोंड घालत नाही. वाढीचं मला विचारा."

आईने पदराला हात पुसले. "देतायत तर घ्या की. एवढं काय त्यात इचारायचं?"

"तू थांब गं."

बारकी मातीतून उठली. "बाबा, ठेवूया ना. मला पुरे आहेत एवढे."

तो तिच्याजवळ गेला, तिच्या डोक्याला लागलेली पाकळी काढली. रागावला नव्हता. उलट एवढ्या मायेने तो कधीच बोलला नसेल. "अगं, तुझं खोड अजून बारीक आहे. चाळिसांतली शेवटची म्हणून गेलीस तर तिथली पोरं तुला खाऊन टाकतील. एक वर्ष थांब. पहिल्या पाचांत जा. माझ्यावर सोड."

ती त्याच्यावर सोडत आली होती सगळंच. तिने सही केली. त्याने तिच्या खाली केली, आणि 'सोडायचे' या चौकोनात सुताराच्या पेन्सिलीने ठसठशीत फुली मारली. बाईंनी पेन पुढे केलं, म्हणाल्या, पेन्सिल चालत नाही. मग त्याने पेनने तीच फुली पुन्हा गिरवली. बाई फॉर्म घेऊन गेल्या त्या चहा न घेताच.

पुढचं वर्ष त्याच्या म्हणण्यासारखंच गेलं, हे मात्र कबूल करायला हवं. बारकी पहाटे उठे, छपरातल्या ओट्यावर बसून गणितं सोडवी. सरावात एकशे पासष्ट आले, मग एकशे बहात्तर, मग एकशे सत्त्याहत्तर. कलमवाला येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचा. कुणी लिंबाची दोन रोपं घ्यायला आला तरी आधी बारकीचे गुण ऐकून मगच त्याची सुटका. बायकोला म्हणायचा, "मी म्हटलं नव्हतं?" बायको म्हणायची, "म्हटलं होतंत, म्हटलं होतंत, आता जेवा."

आणि त्या वर्षी थंडी हटेना.

लिंबाचे डोळे भरायचे तर खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम चढवायचं त्या रोपाची, साल सुटावी लागते. खुंटात रस चढला की साल ओल्या कागदासारखी अलगद उचलते. चाकूने उभी-आडवी चीर द्यायची, साल उचलायची, चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा आत सरकवायचा, वर पट्टी आवळायची. साल सुटायचे दिवस तीन आठवडे, फार तर चार. दरवर्षी ते काम बारकीच्या परीक्षेआधी दीड महिना उरकलेलं असे. कलमवाल्याने कागदावर दोन रेघा मारल्या होत्या त्या त्याच हिशेबाने.

यंदा तो रोज सकाळी एका खुंटाला चीर देऊन बघे. साल लाकडाला घट्ट. दुसऱ्या दिवशी तेच. आठ हजार लिंबांची मागणी होती एका बागाईतदाराची, पाऊस लागायच्या आत रोपं हवी होती. दरवर्षी डोळे भरायला येणारे दोघे भाऊ दोनदा येऊन परत गेले. तिसऱ्यांदा थंडी एकदम मोडली, साल सुटली, आणि त्याच दिवशी सगळ्याच रोपवाटिकांत सुटली. दोघे भाऊ नदीपलीकडच्या मोठ्या वाटिकेत गेले ते गेलेच. परीक्षेला सोळा दिवस उरले होते.

पहिले दोन दिवस नवरा-बायको दोघंच बसली. तो भरी, ती पट्टी आवळी. दोन दिवसांत पाचशे. तिसऱ्या दिवशी बागाईतदार मोटरसायकलवरून आला, उतरलाही नाही.

"झालेत किती?"

"होतायत."

"होतायत नको सांगू. जमत नसेल तर बोल, मी दुसरीकडे बघतो. पुढल्या वर्षीचंही तिकडेच बघीन मग."

कलमवाला मातीकडे बघत "जमतंय, जमतंय" म्हणाला. दोन शब्द, पण बारकीच्या देखत म्हणावे लागले. बारकी ओट्यावरून सगळं ऐकत होती. गाडी गेल्यावर तिने वही मिटली, छपराच्या आढ्याला खोचलेला दुसरा चाकू काढला, दगडावर चार हात फिरवला आणि आईच्या शेजारी येऊन बसली.

आईने नवऱ्याकडे बघितलं. खिळ्यावरचा कागद समोरच होता. दोन रेघा इथूनसुद्धा दिसत होत्या. ऊठ, एवढंच म्हणायचं होतं त्याला. तो खुंटाला चीर देत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "डोळा उलटा बसवू नको हां."

"कधी बसवलाय?" बारकी म्हणाली.

तिचा हात बापाहून हलका होता. चाकू फिरला की डोळा सुटलाच. दिवसाला तीनशे भरायची. मांडीवर वहीचा एक कागद, त्यावर सूत्रं, खुंट बदलताना एक नजर त्यावर. दुपारी ऊन सावलीच्या जाळीतून खाली उतरे, माश्या बसत, पाठ आखडून जाई. पाचव्या दिवशी तिच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर फोड आला, सहाव्या दिवशी फुटला. आईने तिथे चिंधी बांधली. चिंधीने चाकू सरकायला लागला, म्हणून बारकीने ती सोडून टाकली. संध्याकाळी वही घेऊन बसायची, पण डोकं ओट्यावर टेकायचं. कलमवाला तिच्या पाठीमागून जाताना पाय न वाजवता जाई. त्याला वाटे, अभ्यास झालाच आहे की तिचा. एकशे सत्त्याहत्तर आलेत. चार दिवसांनी काय बिघडतं? असं तो रोज स्वतःला सांगायचा आणि रोज थोडं जास्त सांगावं लागायचं.

आठ हजारावा डोळा भरला तो परीक्षेच्या आदल्या दिवशी, चार वाजता.

परीक्षेचं गाव बसने दीड तासावर. कलमवाला सोबत गेला. शाळेच्या फाटकाबाहेर पन्नासेक आई-बाप भिंतीच्या सावलीला टेकून उभे होते. त्यातला एक शिंपी त्याच्याशी बोलायला लागला. त्याच्या मुलाने म्हणे पहिल्या खेपेचेच गुण ठेवले होते, आज धाकटी बसली होती. "एकशे चोपन्न होते त्याला. ठेवून टाकले. डोक्याचा ताप गेला बघा." कलमवाला "हो का" म्हणाला आणि पाणी पिण्याचं निमित्त करून दुसऱ्या भिंतीला जाऊन उभा राहिला.

तीन तासांनी पोरं बाहेर पडली. बारकी सगळ्यांत शेवटी. उजवा हात डाव्या हातात धरून.

"सोपा होता?"

"सोपा होता."

"मग?"

तिने अंगठा दाखवला. पेर सुजून दुप्पट झालं होतं, जखम पुन्हा उघडली होती. उत्तरांचे गोल शाईने काळे करायचे असतात, दोनशे गोल, आणि एकही रेघ बाहेर जाऊ द्यायची नाही. "पेन धरवेना, बाबा. मग डाव्या हाताने करायला लागले. गणितं सगळी आली. शेवटचे एकवीस गोल राहिले. उत्तरं माहीत होती मला."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. तो तिच्या अंगठ्याकडे बघत बसला. एकवीस गोल. तो अंगठा त्याने रोज चौदा दिवस बघितला होता.

दोन महिन्यांनी निकाल आला. बाईंनी हॉर्न वाजवला नाही. स्कूटर फाटकाशीच उभी करून चालत आल्या. एकशे एकोणपन्नास. यंदा एकशे चोपन्नला यादी बंद झाली होती.

एकशे अठ्ठावन्न हा आकडा चौघांच्याही मनात होता आणि चौघांपैकी एकानेही तो उच्चारला नाही. शेवटी आईच म्हणाली, "बसा बाई, पाणी आणते." आणि आत गेली ती बराच वेळ आली नाही. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी कलमवाला धुतलेला सदरा घालून परीक्षेच्या ऑफिसात गेला. बारकी नको म्हणत होती, पण गेली सोबत. खिडकीपुढे रांग, आतला कारकून मान वर न करता बोलणारा. कलमवाल्याने सगळं सांगितलं. थंडी, साल, आठ हजार खुंट, अंगठा. मागची माणसं ऐकत होती. एक जण हसलादेखील.

"काका, थोडक्यात सांगा. पाहिजे काय तुम्हाला?"

"मागच्या वर्षीचे गुण परत पाहिजेत. होते तिला. एकशे अठ्ठावन्न."

कारकुनाने नंबर विचारला, कपाटातून गठ्ठा काढला, थुंकी लावून कागद उलटले. एक फॉर्म काढून खिडकीच्या काचेला आतून लावला. फुलीच्या आजूबाजूला पेन्सिलीची जाड रेघ अजून दिसत होती.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"ही?"

"माझी," बारकी म्हणाली.

"जबरदस्ती केली होती कुणी?"

कलमवाल्याने बारकीकडे बघितलं. ती सरळ समोर काचेकडे बघत होती. तिने हो म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, खरंच बरं वाटलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं. सोडलेले गुण परत मिळत नाहीत. दोन्ही खेपा संपल्या. पुढे सरका."

तरी तो सरकला नाही. "साहेब, ती फुली माझी आहे. पोरगी ठेवा म्हणत होती. चूक माझी, तिला का..." मागच्याने त्याच्या खांद्याला हात लावला. बारकीने त्याचा दंड धरला आणि बाजूला घेतलं, म्हाताऱ्या माणसाला घेतात तसं.

येताना बसस्टँडवर तिने त्याला सांगितलं की तालुक्याच्या कॉलेजात ती नाव घालणार आहे. साधं कॉलेज. रोज येऊन-जाऊन जमेल. "सीझनला घरी असेन मग," ती म्हणाली. तो नुसता मान हलवत राहिला.

सकाळी तो उठला तर बारकी अंथरुणात नव्हती. छपरातही नव्हती. खिळ्यावरचा तिचा कागद मात्र होता तसाच होता. तो बाहेर आला. कुंपणाकडच्या नव्या पेरूंच्या ओळीत ती टोपली घेऊन उभी होती. हीसुद्धा दोन वर्षांची झाडं, कमरेएवढी, पांढरी झालेली. ती खुडत होती. अंगठा बरा झाला होता, पण ती दोन बोटांनीच खुडत होती, सवयीने.

"राहू दे," तो म्हणाला.

तिने वळून बघितलं. "का?"

"राहू दे म्हटलं ना. असू दे या वर्षी झाडावर."

"खुरटतील, बाबा."

"खुरटू देत."

ती पुन्हा फांदीकडे वळली. "झाडांचं तुमचं बरोबरच आहे," ती म्हणाली. "यांना पुढच्या वर्षी पण बहार येतो."

तो बांधावर बसला. "चुकलो मी, बारके," तो म्हणाला. तिला असं पहिल्यांदाच म्हणाला असेल. "तुझं वाटोळं केलं मी."

तिने नाही म्हटलं नाही. जाऊ द्या, असंही म्हटलं नाही. तिच्या हातातलं झाड संपलं, ती पुढच्या झाडाशी गेली.

"टोपली सरकवा इकडे," ती म्हणाली.

त्याने उठून टोपली सरकवली. आणखी एका झाडानंतर आणखी सरकवली. फुलाला हात लावायचं त्याच्याने होईना, म्हणून तो नुसता तिच्या मागे मागे टोपली घेऊन चालत राहिला. टोपली भरली तशी त्याने ती उचलली, खताच्या खड्ड्यात ओतली आणि रिकामी करून परत तिच्यापाशी आणून ठेवली.